पेशंटला फुकट नेणारी विमानं: उडतात कशी, आणि आपल्याकडे का नाहीत

तापीकाठी, शिरपूर आणि अमळनेरच्या मधल्या पट्ट्यात ज्यांची शेतं आहेत, त्यांना विमानाचं आता काही अप्रूप राहिलेलं नाही. कपाशीत निंदणी चालू असते, वरून एखादं छोटं विमान घरघरत येतं, वळतं, लांब जातं, पुन्हा येतं. बायका मानही वर करत नाहीत. शिरपूरला वैमानिक घडवणारी संस्था आहे. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानं उडतात. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले जे पाच विमानतळ निवडले, त्यात जळगावचंही नाव होतं. एकूण काय, खान्देशचं आभाळ रिकामं नाही.

आमचे नाना, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, दर तीन आठवड्यांनी काकूंना केमोसाठी मुंबईला नेतात. रात्रीची ट्रॅव्हल्स, रात्रभर बसून प्रवास, पहाटे उतरायचं, हॉस्पिटलच्या रांगेत नंबर लावायचा, दुसऱ्या रात्री परत. एकदा बांधावर बसलो असताना मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत काही पायलट स्वतःच्या विमानातून, स्वतःच्या खर्चाने, असे पेशंट दवाखान्यात पोहोचवतात. पैसा एक घेत नाहीत. नानांनी ऐकून घेतलं, वर बघितलं आणि म्हणाले, "मंग हाई आपला डोकावरथून रोज रिकामा फिरतस, ह्या काबर नही लई जातस?"

प्रश्न सरळ आहे. उत्तर द्यायला मला तीन-चार संध्याकाळी लागल्या.

आधी एक गल्लत दूर करू. ही विमानं म्हणजे एअर अॅम्ब्युलन्स नव्हे. एअर अॅम्ब्युलन्समध्ये स्ट्रेचर असतं, ऑक्सिजन असतो, व्हेंटिलेटर असतो, सोबत डॉक्टर किंवा नर्स असते आणि बिल लाखांत जातं. अपघात झालाय, झटका आलाय, तासाभरात हलवायचंय, अशा वेळेसाठी ती. स्वयंसेवी पायलटचं विमान यातलं काहीच देत नाही. तिथला पेशंट स्वतःच्या पायाने चालत विमानापर्यंत येतो, पायरीवर पाय ठेवून आत चढतो, पट्टा लावून ताठ बसतो. त्याची तब्येत स्थिर आहे, उंचीवरचा प्रवास त्याला झेपेल, असं डॉक्टरने आधी लिहून दिलेलं असतं. वाटेत काही झालं तर पायलट इलाज करणार नाही, त्याला ते येतही नाही. तो एखादा वकील असतो, दुकानदार असतो, रिटायर झालेला इंजिनिअर असतो.

तुलना करायचीच तर एअर अॅम्ब्युलन्स म्हणजे १०८, आणि हे विमान म्हणजे "चला, मी तिकडेच जातोय, बसा" म्हणणारा गावातला बोलेरोवाला. फरक इतकाच की हा मुद्दाम तिकडे जातो.

पण विमानच कशाला? अमेरिकेत अंतरं आडवीतिडवी आहेत आणि आपल्यासारखी गावोगाव थांबणारी रेल्वे नाही. लहान मुलांच्या भाजण्यावर, हाडांच्या व्यंगावर, दुर्मीळ कॅन्सरवर खास उपचार करणारी हॉस्पिटलं ठरावीक शहरांत. खेड्यातल्या माणसाला तिथे जायचं तर आठ-दहा तास गाडी चालवा, नाहीतर आधी मोठ्या विमानतळापर्यंत जा आणि तिकीट काढा. आणि उपचार एका फेरीत संपत नाहीत. महिन्याला एक फेरी, वर्षाला बारा. विमा औषधाचे पैसे देतो, प्रवासाचे बहुतेक वेळा देत नाही. केमो चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते, त्याला गर्दीत नेऊ नका असं डॉक्टर सांगतात. घराजवळच्या छोट्या धावपट्टीवरून उडून हॉस्पिटलजवळच्या छोट्या धावपट्टीवर उतरणारं चार सीटचं विमान अशा वेळी कामाला येतं.

हे काम तिथे गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाललंय. एअरलाइफलाइन नावाची संस्था १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात निघाली. एंजल फ्लाइट वेस्ट १९८३ मधली. पुढे एंजल फ्लाइट हे नाव लावणाऱ्या वेगवेगळ्या भागांतल्या संस्था झाल्या, कॅनडात १९८६ पासून होप एअर आहे, ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये एंजल फ्लाइट सुरू झाली. ऑस्ट्रेलियातला फ्लाइंग डॉक्टर हा प्रकार त्याहून जुना, १९२८ चा, पण तो वेगळा. तिथे पगारी पायलट डॉक्टरला पेशंटकडे नेतात किंवा आजारी माणसाला उचलून आणतात. स्वयंसेवी संस्थांत पायलटला पगार नाही.

प्रत्यक्षात काम कसं चालतं ते नानांना फार आवडलं, कारण ते लग्नाच्या गाड्या ठरवण्यासारखं आहे. पेशंट किंवा हॉस्पिटलमधली समाजसेविका संस्थेकडे अर्ज करते. कुठून, कुठे, कोणत्या तारखेला, सोबत कोण. संस्थेचा माणूस ही माहिती पायलटांच्या यादीवर टाकतो. ज्याला जमेल तो म्हणतो, ही फेरी माझी. अंतर चार-पाचशे किलोमीटरच्या वर गेलं की छोट्या विमानाला आणि एकट्या पायलटला ते जड जातं, मग फेरी तोडतात. एक पायलट अर्ध्यात आणून सोडतो, तिथे दुसरा विमान घेऊन उभा असतो. धुळ्याला गाडी बदलतो तसं. फक्त इथे गाडी तुमची वाट बघत थांबलेली असते, हे धुळ्याच्या स्टँडवर मी अजून अनुभवलेलं नाही.

अर्जात एक रकाना असा असतो की आपल्याकडे कोणी विचारला तर भांडण होईल: वजन. पेशंटचं, सोबतच्या माणसाचं आणि सामानाचं. खरं वजन, अंदाजे नाही.

याचं कारण हिशोब मांडल्यावरच कळतं, म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर नानांना मांडून दाखवला. सेस्ना १७२ हे जगात सगळ्यात जास्त बनलेलं छोटं विमान. चार सीट. भरलेल्या विमानाचं वजन साधारण ११५० किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. रिकामं विमानच भरतं ७६५ किलोच्या आसपास. उरले ३८५. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधनाचे १४५ गेले. उरले २४०. पायलट ८५ चा धरा, नाना ७०, काकू आता ५० वर आल्यात. झाले २०५. सामानाला राहिले ३५ किलो. चार सीटच्या विमानात चौथा माणूस बसवायचा म्हटलं तर इंधन कमी भरावं लागतं.

"पस्तीस तं भलता शेत," नाना म्हणाले. म्हणजे, पस्तीस तर पुष्कळ झाले.

मग मी त्यांना त्यांची मुंबईची पिशवी आठवून दिली. कळण्याचं पीठ, तिखटाचा डबा, लोणच्याची बरणी, पांघरुणं, फायलींची थैली, आणि मुंबईत ज्या नातेवाइकाकडे टेकायचं त्याच्यासाठी केळीचा घड. एक चांगला घडच वीस किलोचा भरतो.

आणि हा हिशोब हिवाळ्यातला. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा हवा विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा दम कमी होतो, धावपट्टी जास्त लांब लागते. जे वजन डिसेंबरात सहज उचललं जातं तेच मेच्या दुपारी धोक्याचं ठरतं. म्हणून असे पायलट उन्हाळ्यात पहाटे उडतात, आपण उन्हाळ्यात शेतावर पहाटे जातो तसंच.

आता पैशाची गोष्ट, आणि ती थोडी उलटी आहे. अमेरिकेत हौशी पायलटचं जे लायसन्स असतं, त्यावर प्रवाशाकडून भाडं घ्यायला कायद्याने बंदी आहे. मित्रांना घेऊन उडालात तर खर्चातला आपला वाटा स्वतः भरायचा, जास्तीचा एक डॉलर घ्यायचा नाही. भाडं घ्यायचं तर वेगळं लायसन्स, कंपनीसाठी वेगळा परवाना, विमानाच्या तपासण्या वेगळ्या. त्यामुळे हा पायलट फुकट नेतो यात त्याचं मन मोठं आहे हे खरंच, पण त्याच्याकडे दुसरा मार्गही नाही. फुकट नेलं तरच नेता येतं. काही वर्षांपासून तिथल्या सरकारने संस्थांना अटी घालून एवढी सूट दिली आहे की पायलटला इंधनाचे पैसे परत देता येतात. वेळेचे नाही, विमानाच्या झिजेचे नाही. बाकी पायलटने स्वतःच्या खिशातून जो इंधनाचा खर्च केला तो दानधर्म म्हणून आयकरात दाखवता येतो.

मग खिशातून पैसे घालून तो उडतो कशाला? मला वाटतं या सगळ्या प्रकाराची किल्ली इथे आहे. तिथल्या हौशी पायलटांमध्ये "शंभर डॉलरचा बर्गर" असा एक विनोद आहे. रविवारी विमान काढायचं, शेजारच्या धावपट्टीवर उतरायचं, तिथे बर्गर खायचा आणि घरी परत यायचं. बर्गर पाच-दहा डॉलरचा, इंधन शंभरचं. आपल्याकडे नवी बुलेट घेतलेला पोरगा हायवेवरच्या ढाब्यावर शेवभाजी खायला चाळीस किलोमीटर जातो, त्यातला प्रकार. त्याला शेवभाजी नको असते, निमित्त हवं असतं. शिवाय पायलटचा हात चालता राहावा लागतो. गेल्या नव्वद दिवसांत तीन वेळा उडून उतरला नसेल तर त्याला प्रवासी बसवता येत नाही, असा नियम आहे. म्हणजे उडायचं तर आहेच. मग बर्गरसाठी उडण्याऐवजी एखाद्या आजारी पोराला हॉस्पिटलात सोडून यावं, असं कोणाला तरी सुचलं. माणसाकडे जे जास्तीचं होतं तेच त्याने दिलं, आणि त्याच्याकडे उड्डाणाचे तास जास्तीचे होते.

याचीच आणखी एक शाखा १९८१ मध्ये न्यूयॉर्कजवळ निघाली, कॉर्पोरेट एंजल नेटवर्क नावाची. मोठ्या कंपन्यांची जेट विमानं साहेबांना घेऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात जातच असतात आणि त्यांतल्या कितीतरी सीट रिकाम्या असतात. त्या रिकाम्या सीटवर कॅन्सरचा पेशंट बसवायचा. रावेर-सावद्याच्या केळीवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. केळीचा ट्रक दिल्लीला जातो, येताना रिटर्न भाडं शोधतो. रिकामी गाडी कोणालाच परवडत नाही. इथे रिटर्न भाड्याच्या जागी पेशंट आहे आणि भाडं शून्य.

आता नानांच्या प्रश्नाकडे येऊ. डोक्यावरची विमानं का नेत नाहीत?

एक तर त्यात बसलेलं पोर शिकाऊ आहे. शिकाऊ परवान्यावर प्रवासी बसवता येत नाही. व्यावसायिक लायसन्ससाठी आपल्याकडे दोनशे तासांचं उड्डाण लागतं आणि त्यासाठी घरचे लाखो रुपये ओततात, काहींनी शेत विकलेलं असतं. त्याचा एकेक तास मोजलेला असतो. विमान संस्थेचं, कुठे उडायचं ते ठरलेलं, मुंबईकडे तोंडच वळवता येत नाही. दोनशे तास भरले की ते पोर नोकरीच्या मागे दिल्ली-बंगळुरूला जातं, एअरलाइनमध्ये लागतं, आणि मग त्याच्याकडे ना स्वतःचं विमान असतं ना रविवार.

अमेरिकेत हे काम करणारा म्हणजे पन्नाशी-साठीचा, पोटापाण्याला दुसराच धंदा असलेला, स्वतःचं जुनं विमान बाळगणारा माणूस. हा माणूस आपल्याकडे जवळजवळ नाहीच. हौशी पायलटचं लायसन्स आपल्याकडेही मिळतं, चाळीस तासांत, आणि भाडं न घेता माणसं बसवायला कायदा त्यालाही आडवा येत नाही. पण विमान ठेवायचं कुठे? छोट्या विमानांचं पेट्रोल वेगळं असतं, ते दर विमानतळावर मिळत नाही आणि मिळतं तिथे महाग. अमेरिकेत सर्वांना खुल्या अशा धावपट्ट्याच पाच हजारांच्या घरात आहेत, खासगी त्याहून जास्त. आपल्याकडे प्रवासी वाहतूक चालू असलेले विमानतळ सगळे मिळून दीडशेच्या आसपास. तिथे धावपट्टी म्हणजे एसटीचा विनंती थांबा. आपल्याकडे विमानतळ म्हणजे बंदूकवाला पोलीस आणि आत जायला पास.

आणि समजा, सगळं जमलं. शिरपूरहून मुंबई सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर. सेस्ना १७२ तासाला दोनशे-सव्वादोनशेच्या वेगाने जातं, म्हणजे दीड तास. तासाला तीस-पस्तीस लिटर इंधन, जाऊन-येऊन शंभर लिटरच्या वर. पण उतरायचं कुठे? मुंबईच्या मोठ्या विमानतळावर मिनिटामिनिटाला एअरलाइनची विमानं, तिथे आपल्या सेस्नाला कोण जागा देणार? जुहूला छोटी धावपट्टी आहे, पण जुहूहून परळ म्हणजे मुंबईची ट्रॅफिक. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढग बसलेले, त्यात एक इंजिनाचं विमान घालणं म्हणजे जिवाशी खेळ. वर्षातले चार महिने असे गेले. पेशंटची तारीख मात्र पावसाळा बघून पडत नाही.

हवामानाचा मुद्दा मी नानांना जरा विस्ताराने सांगितला, कारण फुकट म्हटलं की आपण धोका विचारायचं विसरतो. २८ जून २०१७ ला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियर इथून असंच एक छोटं विमान उडालं. खाली आलेले ढग, धुकं. आत पायलट, उपचाराला निघालेली सोळा वर्षांची मुलगी आणि तिची आई. उड्डाणानंतर काही क्षणांतच विमान कोसळलं, तिघंही गेली. त्याआधी २०११ मध्येही ऑस्ट्रेलियातच अशाच एका फेरीत माणसं गेली होती. तपास झाला, आणि २०१९ मध्ये तिथल्या विमान नियामकाने अशा फेऱ्यांसाठी पायलटच्या अनुभवाच्या आणि विमानाच्या देखभालीच्या अटी वाढवल्या. संस्था चिडल्या, स्वयंसेवकांवर ओझं टाकलं म्हणाल्या. माझं मत विचाराल तर नियामकाचं बरोबर होतं. फुकट नेणाऱ्यालाही तेवढीच काळजी लागते जेवढी भाडं घेणाऱ्याला. उलट थोडी जास्त, कारण एकटा उडणारा पायलट ढग बघून सहज म्हणतो, उद्या बघू. मागच्या सीटवर केमोची तारीख घेतलेलं माणूस बसलं की "उद्या" हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. चांगल्या संस्था म्हणूनच पेशंटला आधीच बजावतात: विमान रद्द होऊ शकतं, दुसरी सोय तयार ठेवा. आणि पायलटला सांगतात, पेशंटसाठी पर्यायी गाडी आहे, तू बिनधास्त नाही म्हण.

ऑस्ट्रेलियातल्याच एंजल फ्लाइटची एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली. तिथे पायलटांइतकेच गाडीवाले स्वयंसेवक आहेत. त्यांना 'अर्थ एंजल', म्हणजे जमिनीवरचे देवदूत, म्हणतात. विमान उतरलं की धावपट्टीवरून हॉस्पिटलपर्यंत आणि संध्याकाळी परत, स्वतःच्या कारमधून. लायसन्स आणि गाडी असलेला कोणीही. फोटो विमानाचा छापून येतो, पण पेशंटला दारापर्यंत पोहोचवतो तो हा कारवाला.

आपल्या भागात पेशंटला हलवण्याची साधनं निराळीच आहेत, आणि ती विमानापेक्षा कमी नवलाची नाहीत. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ अॅम्ब्युलन्स घेऊन सुरू झाली. गरोदर बाईसाठी १०२. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांना रस्ता नाही, तिथे दवाखानाच बोटीवर तरंगतो. जिथे चारचाकी जात नाही तिथे बाइक अॅम्ब्युलन्स. आणि जिथे बाइकही जात नाही, अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, तिथे बांबूला गोधडी बांधलेली झोळी आणि चार खांदे. सीमेपलीकडे, सेंधव्याच्या बाजूला, मध्य प्रदेश सरकारने २०२४ पासून सरकारी एअर अॅम्ब्युलन्स चालू केली आहे, आयुष्मान कार्डवाल्याला फुकट. पण ती अडचणीच्या वेळेची, नेहमीच्या तारखेची नव्हे.

झोळीवरून आठवलं. १६ जुलै २०२१ ला, शिकाऊ पायलट घेऊन उडालेलं एक विमान चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवाराजवळ सातपुड्यात कोसळलं. शिकवणारा पायलट जागीच गेला. शिकणारी मुलगी जखमी होऊन अडकली होती. तिथपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. जवळच्या पाड्यावरची आदिवासी माणसं धावली. बांबू होता, कापड नव्हतं. एका बाईने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी केली आणि डोंगरातून पायी चालत त्या मुलीला खाली आणलं. माझ्या माहितीत खान्देशात पायलट आणि पेशंट यांची गाठ पडली ती ही एवढीच. त्यात पेशंट पायलट होती, आणि फुकट पोहोचवणारे झोळीवाले.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या बाईले कोनी इमानमा बसाडं का, मंग?"

विमानाचं आपल्याकडे जमेल तेव्हा जमेल. दरम्यान एक गोष्ट मला नानांना विचारावीशी वाटली जी मी आधीच विचारायला हवी होती: तुम्ही रेल्वेची सवलत घेता का? घेत नव्हते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर ट्रॅव्हल्सला दोघांचे पैसे भरत होते आणि काकू रात्रभर बसून जात होत्या.

तर ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांच्यासाठी हे नीट लिहितो. कॅन्सरचा पेशंट उपचाराला किंवा तपासणीला जात असेल तर रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये त्याला पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के. सेकंड क्लास, फर्स्ट क्लास आणि एसी चेअर कारमध्ये दोघांनाही पंचाहत्तर टक्के. टू-टियर आणि फर्स्ट एसीत निम्मं. हृदयाच्या ऑपरेशनला जाणारे, किडनी बदलायला किंवा डायलिसिसला जाणारे, थॅलेसेमियाची मुलं, यांनाही सवलत आहे, टक्के थोडे वेगळे. हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्यातला दाखला, त्यावर डॉक्टरची सही आणि शिक्का लागतो. तो दाखला मागायचा लागतो, आपणहून कोणी हातात देत नाही. मुंबईत परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. पेशंट आणि सोबतच्या माणसाच्या राहण्याची सोय तिथे होते. जागा मर्यादित, नंबर लावावा लागतो, पण फुटपाथवर पथारी पसरायच्या आधी तिथे विचारून घ्यावं.

पुढच्या फेरीला नानांनी दाखला घेतला. आता ते अमळनेरला येऊन खान्देश एक्सप्रेस धरतात. मी विमानाची सगळी माहिती वाचली, वहीत वजनाचा हिशोब मांडला, याचं काकूंना फार हसू आलं होतं. त्यांना मी विचारलं, काकू, खरंच आलं असतं विमान तर बसला असता का? दीड तासात मुंबई.

"ताठ बसनं पडस ना त्यामा?" काकूंनी विचारलं. मी हो म्हटलं.

"मंग नको. माले तं गाडीज बरी. आडं पडाले तं भेटस."